उंदराला शिकविणाऱ्या विद्यार्थ्याची जबाबदारी

(शिक्षक, पालक व विद्यार्थी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. उंदीर हा आपल्याकडचा नको असलेला पाहुणा. तो भाताच्या पोत्यांना भोके पाडतो, माडावरचे कोवळे नारळ पोखरतो, आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा नेमका हवा असतो त्याच दिवशी त्याच्या कुरतडलेल्या कडा आपल्या हाती येतात. त्याच घरी चवथीला चित्रशाळेतून गणपती आणताना त्याच्या पायाशी उंदीर आहे ना, हे घरातले लहान मूल आवर्जून पाहते. अशा ह्या प्राण्याला मुद्दाम शिकवावयाचे आणि शिकविणाऱ्याने त्याची जबाबदारी घ्यावयाची, हे बोलणे गावच्या माणसाला चमत्कारिक वाटल्यास नवल नाही.

परंतु हा प्रश्न आपल्या दारापर्यंत आलेला आहे. पेडणे-डिचोलीची मुलेमुली आज मानसशास्त्र, प्राणिशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र शिकण्यासाठी पणजी, पुणे, मुंबई आणि त्याहूनही दूर जातात. त्यांपैकी कोणाला तरी एक दिवस पिंजऱ्यासमोर उभे राहावे लागते. पिंजऱ्यात एक पांढरा उंदीर असतो, आणि पुढील काही आठवडे हा प्राणी तुझ्या स्वाधीन आहे असे प्राध्यापक सांगतात. मग मुलगी घरी फोन करते. आई विचारते, चावेल का? आजी विचारते, पाप लागेल का? वडील विचारतात, ह्यात शिकण्यासारखे आहे तरी काय? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर; प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला मनुष्य नव्हे. पण शासकीय प्रसिद्धीच्या कामात तज्ज्ञांचे म्हणणे सामान्य माणसाच्या भाषेत मांडावे लागते, आणि त्या नात्यानेच मी आज उभा आहे.

प्रथम, हा उंदीर आपल्या माळ्यावरचा नव्हे. प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर ही घुशीसारख्या दिसणाऱ्या तपकिरी उंदराची माणसाळलेली जात असून ती पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढविलेली असते. पूर्ण वाढलेल्या उंदराचे वजन साधारणतः पाव किलोपासून अर्ध्या किलोपर्यंत, आणि आयुष्य दोन ते तीन वर्षांचे. अमेरिकेत १९०० च्या सुमारास विलर्ड स्मॉल ह्या संशोधकाने इंग्लंडमधील हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या बागेतील भुलभुलय्याच्या धर्तीवर उंदरांसाठी एक लहान भुलभुलय्या तयार केला आणि तेथून उंदीर मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्थिरावला. पुढे १९३० नंतरच्या दशकात बी. एफ. स्किनर यांनी कळ असलेली पेटी प्रचारात आणली. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुणे विद्यापीठातील विभाग १९५० चा, आणि प्राध्यापक कोठुरकर यांच्यासारख्या अध्यापकांमुळे मराठी विद्यार्थ्यांना प्रायोगिक मानसशास्त्राची गोडी लागली.

शिकवावयाचे म्हणजे नेमके काय, ते आता पाहू. स्किनरच्या पेटीत एक कळ असते. उंदराने ती दाबली की ४५ मिलिग्रॅमची अन्नाची एक गोळी ताटलीत पडते. उंदराला हे ठाऊक नसते. त्याला आपण सांगूही शकत नाही. म्हणून पहिले काही दिवस कळेचे नावच काढावयाचे नाही. विद्यार्थ्याने रोज ठरावीक वेळी पिंजऱ्यापाशी जावे, हात आत ठेवावा, उंदराला त्याचा वास घेऊ द्यावा, मग छातीखाली हात घालून मागच्या पायांना आधार देत त्याला उचलावे. शेपटीचे टोक धरून उचलणे हा अडाणीपणा आहे. त्याने कातडी सोलली जाऊ शकते आणि विश्वास तर जातोच. उंदीर हातात निवांत बसू लागल्यावर त्याला पेटीत सोडावे, गोळी पडण्याचा आवाज आणि गोळी यांचा संबंध त्याला कळू द्यावा. मग तो कळेच्या दिशेने वळला तरी गोळी द्यावी. त्यानंतर कळेजवळ गेल्यावर, त्यानंतर तिला पंजा लावल्यावर, आणि शेवटी ती दाबल्यावरच द्यावी. ह्या पद्धतीला मानसशास्त्रात साधक अभिसंधान म्हणतात आणि त्या बक्षिसाला प्रबलन.

आपल्या शेतकऱ्याला हे नवे वाटणार नाही. ज्याने खोंडाला जोताची सवय लावली आहे, त्याला विचारा. तो पहिल्या दिवशी नांगर धरीत नाही. प्रथम खांद्यावर जू नुसते ठेवतो, मग जुन्या जाणत्या बैलाच्या जोडीने हलके ओंडके ओढायला लावतो, आणि खोंड बिथरला तर त्या दिवसाचे काम तेथेच थांबवितो. फरक एवढाच की प्रयोगशाळेत प्रत्येक पायरीची वेळ मोजून लिहून ठेवावी लागते. बक्षीस त्या क्षणीच मिळाले पाहिजे. विद्यार्थी शेजाऱ्याशी गप्पा मारीत राहिला आणि गोळी चार-पाच सेकंद उशिरा पडली, तर तेवढ्यात उंदीर वळून अंग खाजवू लागलेला असतो; आणि मग तो अंग खाजविण्यासच शिकतो! अशा वेळी विद्यार्थी तक्रार करतो की माझा उंदीर मठ्ठ आहे.

ह्या ‘मठ्ठ’ शब्दापाशी थोडे थांबावयास हवे, कारण शिक्षकांसाठी विषयाचा गाभा येथेच आहे. १९६३ साली रॉबर्ट रोझेन्थाल आणि करमिट फोड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच असे साठ उंदीर दिले. निम्म्या विद्यार्थ्यांना सांगितले की तुमचे उंदीर भुलभुलय्यात हुशार ठरलेल्या वंशातले आहेत. उरलेल्यांना सांगितले की तुमचे मंद वंशातले. वास्तविक सर्व उंदीर सारखेच होते, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटलेले. पाच दिवस प्रत्येक उंदराला रोज दहा वेळा सोडण्यात आले. ‘हुशार’ म्हटलेल्या उंदरांनी वाट लवकर शिकली. ‘मंद’ म्हटलेले उंदीर शंभरांतून २९ वेळा आरंभाच्या जागेवरून हललेच नाहीत. ‘हुशार’ म्हटलेले अवघे ११ वेळा. विद्यार्थ्यांनी लबाडी केली होती असे नव्हे. ज्यांना आपला उंदीर हुशार वाटत होता त्यांनी त्याला अधिक वेळा हातात घेतले आणि अधिक हळुवारपणे हाताळले, असे त्यांच्याच उत्तरांतून दिसून आले. उंदराला त्याची वंशावळ ठाऊक नव्हती, त्याला कळला तो फक्त हात.

आपल्या कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेले आबे फारिया यांचा पुतळा पणजीत आपण सर्वांनी पाहिला आहे. संमोहनाची निद्रा ही संमोहकाच्या अंगातील कोणत्याही अद्‌भुत शक्तीमुळे येत नसून ज्याला ती येते त्याच्याच मनाच्या व्यापारातून येते, असे त्यांनी १८१९ च्या सुमारास पॅरिसमध्ये प्रतिपादन केले. समोरच्या माणसाच्या मनातील अपेक्षा काय करू शकते हे फारियांनी ओळखले; शिकविणाऱ्याच्या मनातील अपेक्षा त्याच्या हातातून कशी झिरपते हे उंदरांनी दाखविले. १९६८ मध्ये रोझेन्थाल यांनी हाच विचार शाळेतील मुलांना लावून पाहिला. त्या दुसऱ्या प्रयोगावर पुढे पुष्कळ वाद झाले, तेव्हा त्याचा आधार मी येथे फार घेणार नाही. परंतु वर्गातील शेवटच्या बाकावर ‘मंद’ म्हणून बसविलेला मुलगा कोणाच्या शाळेत नाही, हे मी शिक्षकांना विचारणार नाही. त्यांना ठाऊक आहे.

आता अन्नाचा प्रश्न. तोच सर्वांत नाजूक आहे, आणि पालकांना सहसा सांगितला जात नाही. पोट भरलेला उंदीर गोळीसाठी कळ दाबत नाही, म्हणून अशा अभ्यासक्रमांत त्याचे खाणे मोजून देतात. वजन त्याच्या मोकळ्या खाण्याच्या वजनाच्या सुमारे ८५ टक्के ठेवण्याची पद्धत आहे. ३०० ग्रॅमचा उंदीर असेल तर ती रेषा २५५ ग्रॅमची झाली. ती ओलांडून खाली जाणे म्हणजे उपासमार, आणि ती कळण्याचा मार्ग एकच, रोजच्या रोज तराजूवर वजन. शिवाय कोवळ्या वयाचा उंदीर वाढत असतो; महिन्यापूर्वीच्या वजनावरून आजची रेषा काढली तर हिशेब बरोबर दिसेल, पण प्राणी खंगत जाईल. पाणी मात्र अन्नासाठी काम करणाऱ्या उंदराला सदैव मोकळे असावे. हे काम शिपायावर सोपवून चालणार नाही. ज्याने उंदीर स्वीकारला त्यानेच वजन करावयाचे, त्यानेच वहीत मांडावयाचे.

आणि सुट्टीचे काय? चवथीला आपली मुले घरी येणार, आलीच पाहिजेत. माटोळी बांधावयाची असते, आरत्या असतात, मामाकडे जावयाचे असते. पण पिंजऱ्यातल्या प्राण्याला चवथ नाही आणि रविवारही नाही. ज्या विद्यार्थ्याने जाण्यापूर्वी त्या पाच दिवसांचे अन्न, पाणी, पिंजऱ्यातील भुसा बदलणे आणि वजन यांची व्यवस्था कोणा नाव असलेल्या माणसाच्या हाती लेखी दिली नाही, त्याने घरी येऊ नये असे मी म्हणेन. आणि पालकांनीही मुलगा पिशवी घेऊन दारात उभा राहिला की हा प्रश्न विचारावा. आपल्या पावसाळ्यात तर आणखी काळजी. हवेतील ओलाव्याने दाण्याच्या गोळ्यांना बुरशी येते, साखरेच्या डब्याला लागतात तशा मुंग्या पिंजऱ्याला लागतात, वीज गेली की हवा खेळविणारे पंखे थांबतात. पिंजऱ्याच्या घडवंचीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. कोणत्याही ग्रंथात शोधावी लागत नाही.

उंदीर बोलत नाही असे आपण म्हणतो, तेही पुरते खरे नाही. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंत ऐकतो. मोठा उंदीर भ्यालेला असताना जो आवाज काढतो तो सुमारे २२ हजार कंपनांचा असतो, म्हणजे आपल्या कानाच्या अगदी उंबरठ्याबाहेरचा. तो शेजारच्या पिंजऱ्यातील उंदरांना ऐकू येतो, उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला येत नाही. त्यामुळे विद्यार्थ्याला डोळ्यांनी ऐकावे लागते. केस पिंजारलेले, पाठ कुबड्यासारखी, एका कोपऱ्यात बसणे, आणि डोळ्यांभोवती किंवा नाकाशी तांबूस डाग ही त्याच्या त्रासाची लक्षणे होत. तो डाग रक्ताचा वाटतो. तो रक्त नसून डोळ्यामागील ग्रंथीचा स्राव असतो, पण प्राणी आजारी किंवा भयग्रस्त असल्याची ती खूण असू शकते. ती दिसताच त्या दिवसाचा पाठ बंद करून पशुवैद्यांना कळवावे. पांढऱ्या उंदराच्या डोळ्यांना प्रखर उजेडही सोसत नाही, आणि तो मुळात रात्री हिंडणारा प्राणी. भर दुपारी दिव्याखाली त्याने चपळाई दाखवावी ही अपेक्षा आपली, त्याची नव्हे.

चाव्याविषयी आजीला आणि आईला उत्तर द्यावयाचे राहिले. नीट हाताळलेला प्रयोगशाळेतील उंदीर क्वचितच चावतो. चावलाच तर जखम साबण-पाण्याने धुवावी, प्राध्यापकांना लगेच सांगावे, डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताची लस घ्यावी. लाजेने लपविणे वाईट, कारण मग उंदराच्या भयाचे कारणही लपून राहते.

नोंदवहीविषयी मी थोडे कठोर बोलणार आहे, कारण सरकारी कचेरीत नोंदींचे मोल आम्हांला रोज कळते. तारीख, वेळ, वजन, किती मिनिटांत किती वेळा कळ दाबली, गोळी अडकली काय, खोलीत आवाज झाला काय, हे सारे त्याच वेळी शाईने लिहावयाचे. एखादा दिवस चुकला तर ‘चुकला’ असे लिहावे. वक्ररेषा पुस्तकातल्यासारखी सुंदर यावी म्हणून घरी बसून आकडे भरणाऱ्या विद्यार्थ्याने उंदराला तीन आठवडे अर्धपोटी ठेवले ते कशासाठी, ह्याचे उत्तर त्याच्याजवळ उरत नाही. खोट्या आकड्यांसाठी जिवंत प्राण्याची गरजच नव्हती. दोन ओळी खोडून नव्या लिहिलेल्या नोंदवहीपेक्षा ‘आज उंदराने एकदाही कळ दाबली नाही’ हे वाक्य असलेली वही मी अधिक गुण देण्याजोगी समजेन.

ह्या सर्वांना कायद्याचा आधार आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम आपणांस धिरियोंमुळे ठाऊक असेल. १९९६ साली उच्च न्यायालयाने गोव्यातील बैलांच्या झुंजींवर बंदी घातली ती ह्याच कायद्याच्या आधारे. त्याच कायद्यात प्रयोगांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. संस्थेत प्रयोग होत असतील तर जबाबदारी संस्थाप्रमुखाची. प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतरही प्राण्याची नीट देखभाल व्हावी. नोंदी ठेवल्या जाव्यात. केवळ हाताला वळण लागावे एवढ्यासाठी शक्यतो प्रयोग करू नयेत. आणि महाविद्यालयांतून पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट ह्यांनी तेच काम भागत असेल तर प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, अशी त्यातील तत्त्वे आहेत. देखरेखीसाठी १९६४ मध्ये केंद्रीय समिती प्रथम नेमली गेली. १९९८ च्या नियमांनी संस्थांची नोंदणी आवश्यक केली, आणि आता प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत एक नीतिसमिती असते. तिच्यात पशुवैद्य असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो आणि शास्त्रज्ञ नसलेला एक समाजाभिमुख सदस्यही असतो. हा शेवटचा सदस्य मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘हे करावयाचे कशाला?’ हा आजीचा प्रश्न अधिकृत बैठकीत विचारण्याचा हक्क त्याला आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ आणि २०१४ मध्ये दिलेल्या सूचनांमुळे प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदन बंद होत गेले. उंदराच्या शिक्षणासाठीही आता संगणकाच्या पडद्यावरचा उंदीर मिळतो. त्याला भूक नाही, चवथीची अडचण नाही, आणि अभिसंधानाची तत्त्वे तो चांगली शिकवितो. पदवीच्या पहिल्या वर्षाला तेवढे पुरे, असे माझे मत आहे. ज्याला पुढे संशोधन करावयाचे आहे त्याला खरा प्राणी टाळता येणार नाही, आणि त्यालाच हे सारे नियम लागू. ज्याच्या मनाला हे पटत नसेल, मग कारण धर्माचे असो वा करुणेचे, त्याने ते सत्राच्या आरंभीच विभागप्रमुखांना सांगावे. अर्ध्यावर उंदीर टाकून जाऊ नये.

अभ्यासक्रम संपल्यावर उंदराचे काय होणार, हा प्रश्न विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी विचारावा. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली सांगितलेली तीन तत्त्वे जगभर मानली जातात: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन, शक्य तेवढे कमी प्राणी, आणि शक्य तेवढा कमी त्रास. आपल्या केंद्रीय समितीने त्यांत चौथे घातले, ते म्हणजे पुनर्वसन. टांझानियात शिकविलेल्या मागावा नावाच्या मोठ्या आफ्रिकी उंदराने कंबोडियातील शेतांतून ७१ भूसुरुंग वासाने शोधून काढले. त्या जमिनीवर आता माणसे पाय ठेवू शकतात. २०२० मध्ये त्याला इंग्लंडमधील एका प्राणिसेवी संस्थेने सुवर्णपदक दिले, २०२१ मध्ये त्याला रीतसर निवृत्त करण्यात आले आणि २०२२ च्या जानेवारीत तो म्हातारपणाने वारला. त्याचे शिक्षणही आवाज आणि खाऊ ह्या जोडीनेच झाले होते. आपल्या विद्यार्थ्याचा उंदीर सुरुंग शोधणार नाही, पण सत्र संपले म्हणून त्याला मागच्या दाराने रानात सोडून देणे ही दया नव्हे. पिंजऱ्यात जन्मलेला प्राणी तेथे जगेलच असा भरवसा नाही.

मघाशी एका विद्यार्थ्याने चिठ्ठी पाठविली आहे की, घरातला उंदीर सापळ्यात धरून शाळेत असा प्रयोग करता येईल काय? मुळीच नाही. रानातल्या आणि घरातल्या उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. पावसाळ्यात शेतात अनवाणी उतरणाऱ्याच्या पायाच्या जखमेतून तोच रोग शिरतो. शिवाय कायद्यान्वये नोंदणी नसलेल्या जागी असे प्रयोग करावयाचे नाहीत. पण शिकण्याचा क्रम पाहावयाचा असेल तर घरच्या कोंबड्या आहेतच. त्यांचे नेहमीचे खाणे अजिबात कमी न करता, रोज एका ठरावीक वेळी करवंटी तीनदा वाजवावी आणि लगेच मूठभर दाणे टाकावेत. आधी आवाज, मग दाणे. उलट क्रम नको. कोणत्या दिवशी पहिली कोंबडी दाणे पडण्याआधीच धावत आली, किती आल्या, पाऊस होता काय, हे पंधरा दिवस वहीत लिहावे. सोळाव्या आणि सतराव्या दिवशी करवंटी वाजवून दाणे न टाकता काय होते ते पाहावे आणि अठराव्या दिवशी दाणे पुन्हा सुरू करावेत. ज्या शाळांकडून अशा वह्या येतील त्या मी स्वतः वाचीन. फक्त आकडे कोंबड्यांचे असावेत, विद्यार्थ्यांचे नसावेत.